पहिलं बाळंतपण

माझ्या धाकट्या बहिणीला मुरबाडकडच्या एकाने लग्नाचा शब्द दिला आणि दिवस गेल्यावर मूल माझं नाहीच म्हणून हात झटकले. पोर चालायला लागली, तेव्हा कुठे रक्ताच्या तपासणीचा अहवाल आला. बाप तोच. शहापूरच्या कोर्टात त्याला मान खाली घालून उभं पाहिलं आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मुलीचा महिन्याचा खर्च त्याच्या गळ्यात पडलाच. पण बहिणीचा जीव अडकला होता बाळंतपणाच्या खर्चात. सिझर करावं लागलं होतं, आईच्या सगळ्या शेळ्या त्यात गेल्या. वकीलबाई म्हणाल्या, तो बाप ठरलाय, आता हाही खर्च त्यानेच द्यायचा. बहीण मला म्हणाली, "ताय, मी तिकडं वरडत व्हती तवा तो घरी निजलावता. शेळ्या त्याच्याकडनंच आल्या पायजेत."

कोर्टात बाबांना विचारलं, बाळंतपणाचा खर्च कोणी केला? "आमी केला" एवढंच म्हणा, असं त्यांना किन्हवलीपासून एसटीत पढवत आणलं होतं. बाबांनी टोपी काढून हातात घेतली.

"आमीच केला, सायेब. पोरीचं पयलं बाळंतपण म्हायेरचंच असतं. थोरलीचं केलं, हिचंबी केलं. त्याचे पैसं आमी कुनाकडं मागत नाय."

समोरचा वकील तडक उठला. वडील स्वतःच मागत नाहीत म्हणतात, तर प्रश्नच मिटला. तेवढा खर्च निकालातून गेला.

बाहेर आल्यावर मी बाबांवर तडकले. "काय करून बसलात बाबा! म्हायेर कसलं? हिला सासर हाय का?"

"मंग काय, माजी पोरगी बिनलग्नाची हाय, असं मीच बोलू गो?" ते म्हणाले आणि नातीला बिस्किटं घ्यायला टपरीकडे गेले. माझा राग कुठे ठेवावा तेच मला कळेना.

वकीलबाई समजावत होत्या. वरच्या कोर्टात जाता येईल. फक्त बहिणीने उभं राहून सांगायचं, माझं लग्नच झालं नव्हतं, म्हणून तो रिवाज मला लागू नाही. वडील चुकीचं बोलले.

बहिणीने टपरीकडे पाहिलं. बाबा टपरीवाल्याला सांगत होते, "धाकटीची पोर. म्हायेरी आलीय."

"नको मॅडम," बहीण म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."