दुसरं बटण

ये गं, अशी जवळ बस. आधी दोन शब्द ऐकून घे, मग चहा. नोकरी लागली म्हणून कारखान्यातला फोटो पाठवलास. तरसालीतल्या सगळ्या शेजाऱ्यांना दाखवला मी तो. पण अगं, कामावर डोळे जपायचा चष्मा कपाळावर कशाला चढवलास? शोभेला दिलाय का तो? तुझी आत्या पोलिसात होती, तिच्या नजरेतून असलं काही सुटत नाही.

फोटो पाहिला आणि मकरपुऱ्याच्या कारखान्यातली ती केस डोळ्यांपुढे उभी राहिली. इतक्या वर्षांत चोऱ्या पाहिल्या, खून पाहिले, पण ही केस आठवली की आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

मी तेव्हा सब-इन्स्पेक्टर होते. सरकारी दवाखान्यातून वर्दी आली की पत्रे दाबायच्या प्रेसवर एका कामगाराच्या उजव्या हाताची बोटं गेली. अपघात म्हणून डायरीत नोंद झाली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात एक निनावी फोन आला. हा अपघात नाही, शेजारच्या मशीनवरच्या माणसानं मुद्दाम त्याच्या प्रेसचं बटण दाबलं, दोघांचं आदल्याच दिवशी भांडण झालं होतं, असं सांगून समोरच्यानं फोन ठेवला.

शेजारचा तो माणूस आपल्या खानदेशातला. त्याला बोलावून घेतलं. भांडण झालं का, तर हो. कॉलरला हात गेला का, तर हो. कशावरून? इथं गप्प. मी दरडावलं, पाणी दिलं, बायकोमुलांची आठवण काढली. मान खाली ती खालीच. वरिष्ठ म्हणाले, भांडणाचे साक्षीदार आहेत, अटक दाखवा आणि मोकळ्या व्हा. पण अगं, खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. हा जबाबच देत नव्हता. एकदा जागा बघते, मग अटक, असं सांगून मी पंच घेऊन कारखान्यात गेले.

प्रेस म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीचं धूड. वर वजनदार ठोकळा, तो खाली आला की पत्र्याचं झाकण तयार. दसऱ्याला पूजा झालेली, म्हणून अंगावर कुंकवानं काढलेला स्वस्तिकाचा साथिया, झेंडूची वाळलेली माळ आणि नाडाछडी, म्हणजे आपला पूजेचा लाल दोरा, चांगला घट्ट गुंडाळलेला. मी सुपरवायझरला म्हटलं, रिकामं चालवून दाखवा. त्याच्या उजव्या हातात मोबाइल होता. तो तसाच ठेवून त्यानं डाव्या हातानं बटण दाबलं. ठोकळा धाडकन खाली आला आणि माझ्या पायाखालची फरशी हादरली.

बटण डाव्या कडेला होतं, म्हणजे जोडीचं उजव्या कडेलाही असणार, पण तिथं माळ आणि दोराच दिसत होता. "दुसरं बटण कुठंय?" मी विचारलं.

मग मी स्वतःच पुढे झाले. माळ बाजूला केली तर बटण दोऱ्याखाली दाबून बांधलेलं.

तेव्हा मला त्या यंत्राची रीत कळली. दोन्ही बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोकळा हलायचा, म्हणजे हात ठोकळ्याखाली राहूच शकत नाहीत. पण त्यानं काम सावकाश होतं. म्हणून सुपरवायझरनं दसऱ्याच्या पूजेतच एक बटण बांधून टाकलं. बाकी कशानं बांधलं असतं तर कोणी तरी सोडलं असतं. माताजींच्या दोऱ्याला हात कोण लावणार?

दोरा जप्त करायचा होता. पंच मागं सरले, माझा हवालदारही छताकडे बघायला लागला. मी बूट काढले, नमस्कार केला आणि गाठ सोडवली. कापली नाही. मग सुपरवायझरला म्हटलं, आता दाबा एक. दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. ते एवढं धूड जागचं हललं नाही. दोन्ही हात बटणांवर ठेवले तेव्हाच ठोकळा खाली आला.

अंगावर काटा आला गं माझ्या. हे मशीन घडवणाऱ्या कुठल्या तरी माणसानं, ज्यानं या कामगाराचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्याच्या हातांची काळजी त्या लोखंडात घालून ठेवली होती. मग एकेक कामगार आपापल्या मशीनकडे गेला, हात जोडून गाठी सोडू लागला. कोणी सांगितलं नव्हतं.

ठाण्यावर येऊन तो दोरा मी खानदेशच्या माणसापुढे ठेवला.

"हा दोरा सोड म्हणालो होतो त्याला," तो म्हणाला. "पूजेचा दोरा तोडतोस, म्हणून त्यानं माझी कॉलर धरली. मॅडम, हे सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, त्यानंच मशीन तसं चालवलं. हात तर गेलाच त्याचा, वर दोषही त्याच्याच गळ्यात घालू?"

त्यासाठी हा माणूस कोठडीत जायला निघाला होता. मी दवाखान्यात गेले, तर हाताला भलं मोठं बँडेज बांधलेल्या त्या कामगाराचा गुजरातीत पहिला प्रश्न: "बेन, एने छोडी दीधो ने?" म्हणजे ताई, त्याला सोडलंत ना? बटण आपल्याच डाव्या हातानं दाबलं आणि भांडण कशावरून झालं, ते त्यानं स्वतः जबाबात सांगितलं. तो निनावी फोन आपणच केला होता, हे सुपरवायझरनं दोन प्रश्नांत कबूल केलं. त्याच्यावर आणि मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला.

या केसनं मला एक सवय लावली. ज्या वस्तूला कोणी हात लावत नाही, तिथं मी आधी बघते. आणि जिवासाठी दिलेल्या वस्तूची हेळसांड मला सहन होत नाही, म्हणून तुला बोलते.

पुढच्या दसऱ्याला त्या कामगारांनी मला बोलावलं. माळ वर, ठोकळ्याच्याही वर बांधलेली. दोन्ही बटणं मोकळी, आणि प्रत्येकावर कुंकवाचं एकेक बोट. ते कुंकू बोटं गमावलेल्या त्या कामगारानं लावलं होतं, डाव्या हातानं. खानदेशचा माणूस शेजारी वाटी धरून उभा होता.

घे, चहा निवला तुझा. आता रविवारी परत ये बाई, लांबवू नकोस. तुझ्या आवडीचं श्रीखंड करते. आणि येताना दुसरा फोटो काढून आण, चष्मा डोळ्यांवर असलेला.