पत्र्याच्या आतला माणूस

आमच्या एकेकाळच्या मालकांच्या नातवांनी सांगलीत नुकताच एक गौरवग्रंथ काढला. महायुद्ध संपलं त्या सुमारास आजोबांनी स्वतःची अक्कल लढवून चालणारा, सलाम ठोकणारा यंत्रमानव बनवला, असं त्यात छापलं आहे. खाली फोटो. पत्र्याचा माणूस उभा आणि शेजारी मालक, त्याच्या खांद्यावर हात टाकून हसतायत.

त्या यंत्रात यंत्र म्हणून काहीही नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. आणि मालकांना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. सिनेमाचा शो चालू असताना विजेचं इंजिन बंद पडलं, तर ते इंजिनाला आईवरून शिव्या द्यायचे. एवढंच त्यांचं यंत्रशास्त्र. आजोबांची लाज वाटायची असेल तर नातवांनी पुढचं जरूर वाचावं.

मी त्यांच्या फिरत्या तंबू-सिनेमात सांगणाऱ्याचं काम करत होतो. इंग्रजी चित्र लागलं की पडद्याच्या बाजूला मायक धरून उभं राहायचं आणि काय चाललंय ते लोकांना मराठीत सांगायचं. मला तरी कुठं एवढं इंग्रजी येत होतं? तोंडं हलताना दिसली की त्यांच्यात मी माझं बोलणं घालायचो. लोकांना चित्रापेक्षा माझंच सांगणं आवडतं, असं मालक म्हणायचे. मला ते फार गोड लागायचं.

त्या हंगामात आमच्याकडं एक विलायती चित्र होतं. एक दुष्ट शास्त्रज्ञ लोखंडाची माणसं बनवतो, त्यांच्यावर खऱ्या माणसांचे चेहरे चढवतो आणि त्यांना घरोघर पाठवून देतो. बायका त्यांना जेवायला वाढतात, पोरं त्यांच्या मांडीवर बसतात, कुणाला पत्ता लागत नाही. मी मायकवरून ओरडायचो, "अगं बाई, वाढू नको! तो तुझा नवरा न्हवं, लोखंड हाय लोखंड!" तंबूतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. घरी जाताना एखादी आपल्या नवऱ्याचा दंड चिमटून बघायची, म्हणजे गर्दीत हशा.

चित्र चाललं तशी मालकांना कल्पना सुचली. एका तांबटाकडून त्यांनी पत्र्याचा माणूस ठोकून घेतला. छातीपासून पायापर्यंत पत्रा, पाठीला बाहेरून लावायच्या कड्या, वरून टोपासारखं डोकं, डोळ्यांच्या जागी बारीक जाळी. पत्रा टोचू नये म्हणून मानेभोवती आणि खांद्यावर काथ्या भरला होता. आत कोण बसवायचा, हा प्रश्न होता. माणूस मीच आणला.

दाजी शिराळ्याकडचे. फौजेत होते, ब्रह्मदेशात लढून आले होते. युद्ध संपलं, पलटण मोडली, घरी आले. जमीन भावकीत अडकलेली. मी म्हणालो, "दाजी, काम हलकं आहे. नुसतं उभं राहायचं आणि सांगितलं की चालायचं."

"म्हंजी फौजच की," दाजी म्हणाले. "लय सोपं. डोकं काढून ठिवायचं आन पाय उचलायचं."

त्यांच्याइतकं चांगलं यंत्र मालकांना जगात सापडलं नसतं. मी मायकवरून "चल" म्हटलं की दाजी कवायतीचं पाऊल टाकायचे. गुडघा सरळ, हात काटकोनात, मध्येच थबकणं, मान तेवढी वळवणं. गावोगाव लोक तिकीट काढण्याआधी तासभर त्यांच्याभोवती उभे राहायचे. मालकांची ताकीद होती की आत माणूस आहे हे कुणाला कळता कामा नये. त्यामुळं गावात शिरताना दाजी पत्र्यातच बसून, ताडपत्रीखाली, लॉरीतून यायचे. आमची माणसंसुद्धा हळूहळू "डबा उतरव", "डबा आत ने" असं म्हणायला लागली. आधी ती थट्टा होती. पुढं कुणी हसायचंही बंद झालं. बहिणीला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की सिनेमात मशिनीवर आहे.

वाईला आमचा मुक्काम खंडेनवमीला पडला. त्या दिवशी हत्याराला, यंत्राला काम लावायचं नाही ही आपल्याकडची रीत. इंजिन पुसून, त्याला गंध-फूल वाहून बंद ठेवलं. प्रोजेक्टरला हार घातला. शो नव्हता. इंजिनवाला झाडाखाली पडून म्हणाला, "आज यंत्राला सुट्टी, म्हंजी आपल्याला बी."

मालकांनी दाजींना सकाळीच पत्र्यात घातलं आणि इंजिनाच्या शेजारी पूजेला उभं केलं.

सुट्टी यंत्रांना होती. दाजींना कुठली असणार? लोक यंत्रमानव बघायला घाटावरून रांगेनं आले. एका भटजींनी चष्मा वर करून मला विचारलं, "याला नैवेद्य चालतो का हो?"

"तेल पितो, महाराज," मी म्हणालो. भटजींसकट सगळे हसले. पत्र्याच्या आतूनही हलकंसं हसू आल्यासारखं मला वाटलं.

इंजिन बंद, म्हणून मायक नव्हता. मी कर्णा धरून बोलत होतो. ऊन चढलं. बायकांनी पत्र्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, पायांवर पाणी घातलं. मग कुणीतरी आरतीचं तबक आणलं, त्यात भरपूर कापूर. ओवाळणाऱ्यानं उत्साहात तबक तोंडाशी नेलं, मागून कुणाचा तरी धक्का लागला आणि जळत्या कापराच्या वड्या मानेच्या फटीतून आत पडल्या.

दाजी हलले नाहीत. पहाऱ्यावरचा शिपाई हलत नाही, हे त्यांच्या हाडात होतं. शिवाय पूजा घेतलेलं यंत्र माणूस निघालं तर लोक तंबू पेटवतील, असं मालकांनी आम्हाला शंभरदा बजावलेलं. फटीतून धूर यायला लागला. मी मालकांकडं पाहिलं. त्यांनी हाताच्या पंजाची तोंडासमोर उघडझाप केली. बोलत राहा.

आणि मी बोललो. कर्ण्यातून, मोठ्यानं. "बघा मंडळी, बघा! यंत्र जागं झालं! पोटातलं इंजिन पेटलं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी कडक सलाम ठोकला. टाळ्या वाढल्या.

मालकांनी "यंत्राची विश्रांती" म्हणून ताडपत्री ओढली तेव्हा मी मागं धावलो आणि कड्या काढल्या. काथ्या धुमसत होता. मानेपासून खांद्याच्या मागच्या बाजूपर्यंत कातडी सुटली होती. दाजी "पाणी" एवढंच म्हणाले. मालक आले, वाकले आणि पत्र्यावरून बोट फिरवून म्हणाले, "काळा पडला रे. उद्या मामलेदारसाहेब येणार आहेत. घासून निघेल ना?"

मी म्हणालो, "मालक, डॉक्टर आणू?"

"आणि त्याला काय सांगणार? यंत्र भाजलं?" ते म्हणाले. "खोबरेल लाव. फौजी गडी आहे, त्याला काय होतंय."

दाजींना लॉरीत पालथं झोपवलं. मी खोबरेल लावत होतो आणि ‘घासून निघेल ना?’ या एका वाक्याची किंमत मालकांकडून कशी वसूल करायची, याचाच विचार करत होतो. दुसरं काही डोक्यात नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की माझे दात आवळले जातात.

दसऱ्याच्या संध्याकाळी मामलेदार कुटुंबासह आले, पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसले. यंत्रमानव बघायचा म्हणूनच आले होते. दाजी तापानं फणफणलेले. आत जाणार कोण? इंजिनवाला फार उंच. मला तर मायकवर राहायचं होतं. मालकांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मीच जातो आत. दोन सलाम, चार पावलं, आणि आवर."

"आवरतो," मी म्हणालो.

मालकांचं पोट पत्र्यात मावेना. इंजिनवाल्यानं गुडघा लावून रेटलं. "मालक, श्वास सोडा. अजून सोडा. आता घेऊ नगासा!" कड्या लागल्या. त्यातल्या शेवटच्या कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि तो ऐकताना बरं वाटतं.

दोन सलाम झाले. चार पावलं झाली. मालक वळायला लागले.

"थांब!" मी मायकवर म्हणालो. "मंडळी, हे यंत्र थकत नाही. बैठका मार!"

पत्रा क्षणभर स्तब्ध. तंबू गच्च भरलेला. आतून काही बोलायची सोय नव्हती, बोललं तर सगळं संपलं. हे मालकांइतकं कुणाला ठाऊक होतं? पत्रा वाकला, उठला. "अजून!" वाकला, उठला. मी मोजत राहिलो आणि लोक माझ्याबरोबर मोजायला लागले. मग डावा-उजवा. मग जागच्या जागी पळ. पत्र्यातून भात्यासारखा आवाज यायला लागला.

"आत इंजिन आहे म्हणायचं," मामलेदार बायकोला म्हणाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "आवं सांगणारं! काल धूर काढला तसा काढा की!"

हे मी सुचवलं नव्हतं. पण सोडणारही नव्हतो. "कापूर आहे का कुणाकडं?" मी विचारलं. एक जण घरी पळाला.

ते ऐकून मालकांनी दोन्ही हातांनी झटून टोप उपसला आणि खाली टाकला. घामानं निथळलेलं, लालबुंद तोंड. "साहेब," ते मामलेदारांना म्हणाले, "मी आहे. मी, मालक!"

तो क्षण माझा होता. मी मायक तोंडाशी धरला.

"मंडळी, तुम्ही चित्रात पाहिलंत ना? लोखंडावर माणसाचा चेहरा? तोच चमत्कार, आज पहिल्यांदा! आमच्या मालकांचा हुबेहूब चेहरा!"

काय टाळ्या पडल्या! लोक पुढं सरकले. एकानं गाल ओढून पाहिला. एका म्हातारीनं कानाची पाळी चोळली आणि ओरडली, "बया, ऊन ऊन लागतंय!"

"अरे सोडा! मी माणूस आहे!" मालक ओरडत होते.

"बोलतो पण मालकांसारखाच," मी म्हणालो. "पोटात तबकडी बसवलीय."

मामलेदार उठले. काठीच्या टोकानं त्यांनी मालकांची मिशी वर उचलली, नीट बघितली. "उत्तम काम," म्हणाले. "फक्त चेहरा जरा जास्त भित्रा झालाय. मालक स्वतः कुठं आहेत? त्यांचं अभिनंदन करायचंय."

"येतीलच," मी म्हणालो. तेवढ्यात कापूर आला.

काडेपेटी माझ्या हातात होती. खोटं का बोलू, मी काडी ओढली होती. मालक माझ्याकडं बघत होते आणि आता ओरडत नव्हते. ओठ तेवढे हलत होते. "पाणी" म्हणत असावेत.

गर्दी बाजूला झाली. मानेला ओलं फडकं गुंडाळून दाजी आले. लोक म्हणाले, "मिस्त्री आला, मिस्त्री आला." दाजींनी माझ्या हातातली काडी फुंकर मारून विझवली आणि माझा मायक खाली केला.

"पाव्हणं, बास."

"दाजी, त्यानं तुम्हाला..."

"ठावं हाय मला. माझीच मान हाय." ते हळू बोलत होते, फक्त मला ऐकू यावं असं. "काल मी जळत हुतो, तवा बी तुमचा आवाज ह्योच हुता. जरा बी येगळा न्हवता."

मग त्यांनी खाली पडलेला टोप उचलला, मालकांच्या डोक्यावर हळूच बसवला, खांद्याला हात लावला आणि "चला" म्हणाले. दोघं पावलाला पाऊल लावत पडद्यामागं गेले. तंबूनं त्या दोघांनाही टाळ्या दिल्या.

मागं दाजींनी कड्या काढल्या, मालकांना पाणी पाजलं. मालक ओकले, भानावर आले आणि पहिली गोष्ट त्यांनी विचारली ती ही, "मामलेदार उठून गेले नाहीत ना?"

सकाळी आम्ही दोघांनी काम सोडलं. एसटी तेव्हा नव्हती. शिरवळहून आलेल्या एका खासगी मोटारीनं साताऱ्याला उतरलो. वाटेत दाजी माझ्याशी बोलले नाहीत. मालकांनी पत्र्यात दुसरा कुणी घातला, मायकवर दुसरा कुणी उभा केला आणि पत्र्याचा माणूस पुढंही गावोगाव चालत राहिला. मालकांचं काही बिघडलं नाही. खरं दुःख मला त्याचं आहे.

आणि दुसरं आहे ते हे. दाजींची मान कायमची एका बाजूला ओढली गेली. घरी त्यांनी सांगितलं की लढाईतली जखम पुन्हा चिघळली. बहिणीनं विश्वास ठेवला. गावानं ठेवला. झेंडावंदनाला त्यांना पुढच्या खुर्चीत बसवायचे, पोरं त्या व्रणाकडं बघत ब्रह्मदेशाच्या गोष्टी ऐकायची. मी तिथं असलो की दाजी गोष्ट सांगताना माझ्याकडं बघायचे नाहीत. मीही कधी तोंड उघडलं नाही. बहीण गेली, दाजी गेले. मी गप्पच.

तो ग्रंथ हातात आला आणि गप्प राहणं अशक्य झालं. मालकांचं खोटं खोडायचं तर दाजींचंही खोडलं जातं. दुसरी वाट मला सापडली नाही. म्हणून आधी मोठ्या भाच्याला घरी बोलावलं आणि इथवर लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं.

त्याचेही केस आता पांढरे झालेत.

"मामा," तो म्हणाला, "आमच्या बानं जे सांगितलं, तेच आमी धरून चालणार. तुमचा मालक तुमच्यापाशी ठिवा."

"अरे, त्या लोकांनी तुझ्या बापाला यंत्र केलंय."

"त्यांनी केलं. बानं सवताला शिपाई केलं हुतं. आता तुमी त्येला काय करताय, ते तुमचं तुमी बघा."

त्याच्यापुढं ठेवलेला चहा तसाच होता. त्यानं चपला घातल्या आणि मागं न बघता गेला. लेख मी दुसऱ्या दिवशी छापायला दिला.