येताना पाट घेऊन या

आमचं कालवा संग्रहालय एका शब्दाच्या घोळामुळे वाचलं.

तो घोळ घालणाऱ्या वसुधाताईंना जाऊन आज वर्ष झालं.

ताई भूगोलाच्या शिक्षिका. निवृत्त झाल्यावर त्यांनी गंगापूर रोडच्या मागे, कालव्याच्या जुन्या चौकीतली एक खोली मागून घेतली. गेट उचलायची चक्री, पाणी मोजायची पट्टी, जुने नकाशे, फोटो असं काय काय जमवलं आणि दारावर पाटी लावली.

यायचं मात्र कोणी नाही. मी जायचो, तेही पेपरातून सुट्टी मिळाली तर.

मग निरोप आला. चौकी ज्या सरकारी खात्याच्या ताब्यात, त्यांना खोली स्टोअरला हवी होती. खात्याचे साहेब रविवारी येऊन बघणार आणि ठरवणार.

ताईंचा फोन. "संपादक, रविवारी माणसं हवीत."

मी संपादक कधीच नव्हतो. डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या बातम्या कापायचो. पण ताईंकडे कायम प्रमोशन मिळायचं.

"कालवा म्हटलं की इथल्या लोकांना डास आठवतात," त्या म्हणाल्या. "मी आपला गावाकडचा शब्द वापरलाय. कॉलनीच्या ग्रुपवर बघ."

ग्रुपवर मेसेज होता:

"रविवारी सकाळी चौकीत या. येताना आपापल्या गावचा पाट घेऊन या. सगळे मिळून बसू."

मी लगेच फोन लावला. "ताई, पाट म्हणजे लोकांना काय वाटेल?"

"काय वाटेल? पाट म्हणजे पाट!"

"पण घेऊन कसा येणार?"

"आठवणीत रे! एवढं कळत नाही का लोकांना?"

नाही कळलं.

रविवारी लोक आले ते लाकडी पाट घेऊन. बसायचे. कोणाचा शिसवी, कोणाचा पितळी फुलांचा, कोणी माळ्यावरून काढलेला, अजून धूळ असलेला.

शेजारचे एक काका तर इस्त्रीचा झब्बा घालून आले. हळूच विचारलं, "कोणाचा पाट लागतोय? नवरा-नवरी दिसत नाहीत."

काकांच्या गावात दुसऱ्या लग्नाला पाट म्हणत.

"माझाच," ताई म्हणाल्या. "कालव्याशी. अक्षता आणल्यात ना?"

सर्वांत पुढे सटाण्याच्या जिजाबाई. मुलाकडे राहायला आलेल्या. काखेत पाट. ताईंनी समजावायला सुरुवात केली तशा त्या आपल्या बोलीत उखडल्या. त्यांचं 'लई' म्हणजे 'घेऊन'.

"तूच सांगं व्हतं ना, पाट लई ये? मी लई उनू! आते कोठे बसू ते सांग."

ताईंनी कपाळावर हात मारला आणि जोरात हसल्या. मग म्हणाल्या, "बसा गं बाई, इथेच बसा. आणि गावच्या पाण्याचं सांगा."

जिजाबाई बसल्या आणि सुरू झाल्या. नदीवरचा बंधारा, त्यातून निघालेला पाट, त्याखालच्या शेतांचे तीन-चार गट, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी देणार पाटकरी. मध्ये कोणी बोलायचं नाही.

"आणि कोणी बोललं तर?" काकांनी विचारलं.

"मना सासरा पाटकरी व्हता. कोन बोलनार?"

साहेब आले तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्ची मागायला लागले, तर जिजाबाईंनी एक पाट पुढे सरकवला. घट्ट पँटमध्ये मांडी घालताना साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण बसले.

थोड्या वेळाने स्वतःच बोलायला लागले. पाटाला पाणी सुटलं की शाळेला दांडी, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहणं, वडिलांचा मार.

निघताना म्हणाले, "स्टोअरला दुसरी जागा बघतो. पुढच्या वेळी घरचा पाट आणतो."

तेव्हापासून दर महिन्याला आम्ही पाटावर बसतो.

ताईंचा एकच नियम. कोणी फोन घ्यायला उठलं की हाक यायची, "या हो लवकर, रिकामा पाट मला बघवत नाही!" उन्हाळ्यात कोरडा कालवा बघूनही हेच म्हणायच्या.

एकदा त्यांनी शाळेच्या मुलांना घेऊन, शहरातला पाट जिथे बुजवला त्या कॅनॉल रोडवर खडूने लांबच लांब निळी रेघ ओढली. एक रिक्षावाला थांबला.

"ताई, पाण्यातून नेऊ का कडेनं?"

"हळू ने, इंजिनात पाणी जाईल!"

नंतर गुडघ्यांनी ताईंना खाली बसू दिलं नाही. मग त्या खुर्चीवर बसायच्या आणि पाय पाटावर ठेवायच्या. "हाही बसण्याचाच प्रकार आहे," म्हणायच्या.

आज सकाळी आम्ही जमलो. कोणीतरी ताईंचा पाट मध्ये मांडून त्यावर फोटो आणि फुलं ठेवायला घेतली. जिजाबाई ओरडल्या.

"फुलं काय ठेवतस? कोनी तरी बसा तठे!"

कोणी बसेना.

तेवढ्यात दारात रिक्षावाला. तोच, निळ्या रेघेपाशी थांबलेला रामदास. "ताई आहेत का?" त्याला माहीतच नव्हतं. सांगितलं तर चपला काढून आत आला.

जिजाबाईंनी त्याला हाताला धरून ताईंच्या पाटावर बसवलं. "तुना गावना पाटनं सांग."

तो अवघडला. "आमच्याकडं पाट नाय हो, आजी. त्र्यंबककडचे डोंगर. पाऊस लय पडतो, पण पाणी आमच्याकडं थांबत नाय. ते खाली धरणात जातं, तिथनं तुमच्या पाटाला."

ताईंनी जमवलेले नकाशे भिंतीवर होते. सगळे धरणापासून सुरू होणारे.

मग जिजाबाई म्हणाल्या, "मंग आज तूच बोल. आमी आयकतस."

आणि रामदास तासभर बोलला. रिक्षाचं भाडं बुडवून.

वसुधाताई, आज तुमचा पाट रिकामा नव्हता. नकाशा आता डोंगरापासून सुरू करतोय.

मनापासून नमस्कार, ताई.

तुमचा, कधीही संपादक न झालेला.