फुगवून दोन इंच

रंगमंचावर मी भीम केला तो छातीला कापूस बांधून. जीवरामची छाती मात्र अस्सल होती, आणि ती वाढताना मी डोळ्यांनी पाहिली.

जळगावात, मेहरूणला, तो माझा शेजारी. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला, गावात त्याला नुसतं 'प्रेस' म्हणत. संध्याकाळी भुवयांपर्यंत रुईने पांढरा होऊन, खोकत घरी यायचा. त्याला पोलीस व्हायचं होतं. प्रेसमधून सुटण्याचा तेवढाच रस्ता त्याला माहीत होता. सदुसष्टच्या भरतीत छाती कमी भरली म्हणून परत पाठवलं. वय उलटण्याआधी आता एकच भरती उरली होती.

मग तो बेंच प्रेसच्या मागे लागला. शाळेचं जुनं बाक, लोखंडी दांडी आणि वजनाला तिच्या टोकांना फुटक्या पुल्या; बाकावर उताणं पडून ती दांडी छातीवरून वर रेटायची. तालमीतला सुकदेव उस्ताद सांगायचा, सपाट बाकावर मधली छाती भरते. डोक्याकडे विटा लावून बाक चढतं केलं की गळ्याखालची. हात जवळ धरले तर सगळी मेहनत दंडच खातात.

"जिवा, तुले दंड पाहिजे का छाती?"

"छाती, उस्ताद. बठ्ठी, पुरी छाती!"

"मंग हात फाकाड, आन् विटा लाव."

सोबतचे हमाल चिडवायचे, "दिनभर प्रेस, सांजले बी प्रेस! लगीन बी प्रेससंगेच कर!"

तो हसायचा. सदऱ्याची बटणं तटातट तुटू लागली, तेव्हा तर आईलाही दाखवत फिरला.

भरती धुळ्याला होती. आमचा प्रयोगही तिथेच, म्हणून मी मैदानावर गेलो. हवालदाराने त्याच्या छातीभोवती टेप गुंडाळला.

"छत्तीस! वा पहिलवान! आता श्वास भर. फुगव."

जीवरामने श्वास ओढला. मान ताठरली, डोळे लाल झाले. टेप जेमतेम अर्धा इंच सरकला. पुन्हा ओढला, तर खोकल्याची उबळ आली.

"दोन इंच फुगली पाहिजे. नुसतं मांस वाढवलंस रे, आत वारा कुठंय? चल, पुढचा!"

"दगड फुगस का भो!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. मैदान हसलं. इतका मोठा हशा मला उभ्या आयुष्यात मिळाला नाही.

आम्हा नटांचं पोट श्वासावर. त्याच्या छातीत काय बसलंय ते मला ऐकू येत होतं. स्टँडवर त्याने विचारलं, "नाना, फुगाले कोनता प्रकार करू? बाक अजून चढतं करू का?"

मी त्याच्यासाठी चहा मागवला. सोमवारी तो पुन्हा प्रेसमध्ये गेला.