यंत्र अडलं ते नावापाशी

सांगलीत माझी टायपिंगची संस्था होती. संस्था म्हणजे काय, पुढची एक खोली, ओळीनं मांडलेली मशिनं आणि दिवसभर खडखडाट. नव्वद साल उलटलं आणि मुली हळूहळू कॉम्प्युटरच्या क्लासला वळायला लागल्या, तेव्हा मीही एक कॉम्प्युटर आणून ठेवला. शिकवायला कोणी नव्हतं. त्याच्याबरोबर जाडजूड इंग्रजी पुस्तकं आली होती, ती उघडली, शेजारी डिक्शनरी ठेवली आणि बसले. वय तेव्हा चाळिशीच्या पुढं. आमचे हे म्हणायचे, "दूध तापत ठेवल्यासारखी बसतेस त्याच्यापुढं. उतू जाणार आहे का ते?"

नाही गेलं उतू. दोन-तीन वर्षांत मी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहायला लागले. संस्थेच्या मुलींच्या हजेरीचा एक लिहिला, तो एका डॉक्टरांनी पाहिला. जत, कवठेमहांकाळच्या बाजूला लहान मुलांना लस टोचणारी त्यांची एक संस्था होती आणि त्यांची पत्रं टाईप व्हायला माझ्याकडे यायची. ते म्हणाले, "बाई, हातात मावेल असा कॉम्प्युटर निघालाय. आमच्या नर्सबाईंसाठी त्यात मुलांची नोंदवही करून द्याल?"

मी हो म्हणून बसले. नंतर कळलं की ते यंत्र एकच आहे आणि ते पुण्यात एका इंजिनिअरपाशी आहे. मला त्यानं दोन फ्लॉप्या पाठवल्या. फोनवर म्हणाला, "काकू, यंत्र नको तुम्हाला. या फ्लॉप्या घाला, यंत्र तुमच्या कॉम्प्युटरमध्येच येईल."

आणि आलं की हो. पडद्यावर त्या यंत्राचं चित्र उमटलं, बटणांसकट. माऊसनं बटण दाबलं की चित्रातला छोटा पडदा उजळायचा. नुसतं चित्र नव्हतं ते. जे खऱ्या यंत्रात चालेल तेच आत चालत होतं. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, तळहाताएवढा कॉम्प्युटर. तो मुलगा त्याला एम्युलेटर म्हणायचा, मी खोटं यंत्र म्हणायची. वीज गेली की दोन्ही एकदम जायचे, तेवढंच दुःख. खऱ्या यंत्राला हात न लावता मी त्याच्यासाठी लिहीत होते, आणि त्याला मराठी अक्षरं माहीत नव्हती म्हणून 'नाव', 'गाव', 'लस' हे शब्द आलेखाच्या कागदावर ठिपके भरून काढत होते, कशिदा भरावा तसे.

आता नर्सबाईंचं सांगते, कारण हे सगळं त्यांच्यासाठी होतं. वस्त्यावस्त्यांवर चालत जायच्या. एका पोराला लस टोचली की त्याची नोंद पाच वह्यांत करायची, त्याच त्या पाच ओळी. टोचायला सकाळ आणि उतरवून काढायला अख्खी दुपार. उजवं मनगट सुजून त्याला कायमचा पट्टा बांधलेला. डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच मला सांगितलं होतं, की एक दिवस वस्तीवर चालवून बघू. जमलं तर यंत्र बाईंना, नाही जमलं तर दुसऱ्या जिल्ह्यातलं केंद्र मागतंच आहे, त्यांना देऊ. बाहेर पडल्यावर नर्सबाई मला म्हणाल्या, "ताई, मला यंत्राचं काय कळत न्हाई. पर ह्या मनगटाला इचारा, त्येला कवा पायजे त्ये."

दर गुरुवारी त्या लसीचा बर्फाचा डबा न्यायला सांगलीला यायच्या. परतीच्या एसटीला वेळ असला की माझ्याकडे थांबायच्या आणि आम्ही तालीम करायचो. सांगलीत तालमीला माणसं गोळा करायला कष्ट नाहीत. गल्लीतल्या बायका हौसेनं आया होऊन यायच्या. एकीनं उशीला कुंची घालून कडेवर आणलं आणि वर म्हणाली, "जपून टोचा हो, कापूस बाहेर येईल." नर्सबाई माऊस धरून एकेक विचारायच्या: पोराचं नाव, वय, बापाचं नाव, गाव, आधीची लस. बायका धडाधड सांगायच्या. एकीचा नवरा फौजदार, एकीचा मामलेदार. उशीवालीनं तर संस्थानचा राजाच करून टाकला आणि त्याचं लांबलचक नाव सगळ्या पदव्यांसकट सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. प्रोग्रॅम कुठंही अडला नाही. मी तर कडक नियम घातला होता, की एकही रकाना रिकामा राहिला तर यंत्र पुढं जाणार नाही. टायपिंग शिकवणारीचा स्वभाव, दुसरं काय.

तालमी झाल्या, दिवस ठरला. इंजिनिअर पुण्याहून खरं यंत्र घेऊन आला. इतके दिवस काचेआड बघितलेली वस्तू हातात घेतली तर केवढी हलकी. डॉक्टर, तो, नर्सबाई आणि मी जीपनं जतच्या पलीकडच्या एका वस्तीवर गेलो. तिथली धनगर मंडळी मेंढरं घेऊन दुसऱ्या दिवशी निघायची होती, म्हणून बायका सकाळीच पोरं घेऊन लिंबाखाली जमल्या होत्या.

पहिली आली ती विशीतली पोर, कडेवर तान्हं. पोराचं नाव झालं, वय झालं.

"बापाचं नाव?"

तिनं पदर तोंडाशी नेला आणि हसली.

"सांग की गं," नर्सबाई म्हणाल्या.

"आवं, कसं घिऊ?"

"मग ही सांगंल. कोण ही तुजी?" नर्सबाईंनी शेजारच्या बाईकडं बोट केलं.

"धाकली जाऊ."

धाकट्या जावेनं मान हलवली. "न्हाई बाई. मला भाया लागत्यात." मोठ्या दिराचं नाव ती तरी कशी घेणार?

यंत्र तिथंच अडलं. त्याला नाव हवं होतं. मागं रांग, कडेवर रडकी पोरं, आणि डॉक्टर घड्याळ बघतायत. मला राहवेना. मी शहरातली, शिकलेली. पुढं होऊन म्हटलं, "अगं, घे नाव. त्यानं काय होतंय?"

नर्सबाईंनी सावकाश माझ्याकडं बघितलं. "ताई, लय गुरुवार आले मी तुमच्याकडं. तुमच्या मालकांचं नाव मला अजून ठावं न्हाई बघा. आमचे हे असं म्हणले, आमचे हे तसं म्हणले, तेवढंच."

लिंबाखालच्या सगळ्या बाया हसल्या. ती पोर तर पदरात तोंड घालून हसली. माझं माहेर रहिमतपूरचं. आईनं जन्मभर वडिलांना 'पोरांचे वडील' म्हटलं आणि मी त्यातलीच. पण तालमीत हे मला दिसलंच नव्हतं. कसं दिसावं? खोट्या नवऱ्याचं नाव घ्यायला कोण लाजतं? यंत्र खोटं, पोरं खोटी, इथवर ठीक होतं. नवरेही खोटे आणले होते आम्ही.

नर्सबाईंनी यंत्राच्या पडद्यावर टिपायची काडी उचलली आणि नावाच्या जागी इंग्रजी तीन अक्षरं टिपली, बी-ए-पी: बाप. यंत्र मुकाट्यानं पुढं गेलं. मग जी नाव घेईना तिच्यापुढं तेच. लसी मात्र एकीच्याही पोराच्या राहिल्या नाहीत.

दुपारी जीपपाशी डॉक्टरांनी यादी बघितली. "नर्सबाई, निम्म्या पोरांच्या बापाचं नाव एकच?"

डॉक्टरांनी यंत्र खोक्यात ठेवलं. रागावले नाहीत, पण म्हणाले, "म्हणजे नाही जमलं म्हणायचं."

खरं सांगते, माझ्या ओठावर आलं होतं, की या बायाच अडाणी, त्याला मी काय करू. सोपं होतं म्हणायला. पण तेवढ्यात नर्सबाईंनी पिशवीतून जुनी वही काढली आणि डॉक्टरांच्या पुढं उघडून धरली. बापाच्या रकान्यात कितीतरी जागा कोऱ्या, आणि काही वेगळ्या शाईनं मागून भरलेल्या.

"बगा सायेब. वही अडून बसत न्हाई. रिकामं सोडलं तर फुडं जाती. मागनं म्हातारी भेटती, दुकानदार भेटतो, त्यो सांगतो. यंत्राला तेवढं शिकवायचं राहिलं, बाकी समदं बेस हाय. ताई शिकवतील."

मी म्हटलं, "चूक माझी आहे. गुरुवारपर्यंत दुरुस्त करते."

डॉक्टर म्हणाले, "गुरुवार म्हणजे गुरुवार हं."

कडक नियम काढायला दोन मिनिटं लागली. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. आईचं नाव आधी घेतलं आणि बापाचं खाली, मागाहून भरता येईल असं. समोर उभी असते ती आई, तिला तिचं स्वतःचं नाव विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. 'आई' हे दोन अक्षरी चित्र काढायला ठिपक्यांचा अख्खा कागद गेला.

गुरुवारी गल्लीतल्या बायका पुन्हा आल्या. डॉक्टर कोपऱ्यात खुर्चीवर. मी सांगितलं, "आज खरे नवरे सांगायचे." राजाची राणी छताकडे बघायला लागली. शेवटी म्हणाली, "माझं नाव घ्या की आधी." नर्सबाईंनी तिचं नाव टिपलं, खालची जागा कोरी सोडली, बटण दाबलं. खोटं यंत्र पुढं गेलं. डॉक्टर उठले आणि खरं यंत्र नर्सबाईंच्या हातात दिलं.

माझ्या पहिल्या कामाची लाज त्या नर्सबाईनं राखली. सगळ्यांसमोर मला हसली ती खरी, पण वही उघडून माझ्या बाजूनं उभीही तीच राहिली. तिच्यामुळं पुढची कामं मला मिळाली आणि प्रत्येक कामात मी आधी विचारायला शिकले, की वहीत हे तुम्ही कसं करता. तो इंजिनिअर, ती उशीवाली, सगळ्यांचं देणं आहे, पण तिचं जास्त.

महिन्याभरानं त्या आल्या तेव्हा मनगटाला पट्टा तसाच होता. मी विचारलं, बरं वाटतंय का? म्हणाल्या, "दुखतंय अजून. पर पाचातल्या चार वह्या सुटल्या. काल दुपारी काय करावं कळंना."

"मग काय केलंत?"

"झोपले," त्या म्हणाल्या, आणि सांगताना त्यांना स्वतःलाच ते खरं वाटत नसल्यासारख्या हसल्या. "दिवेलागणीला पोरीनं उठवलं बघा."