पंधरा दिवसांनी येणारा वाचक

माझा स्वभाव संशयी. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर टाकली तरी मी जुडी उलटून बघते. शाळेतून निवृत्त झाल्यावर पुतणीनं मला इंटरनेटवर लिहायला स्वतःची जागा करून दिली. तिथं जाहिराती नाहीत, अंगठे नाहीत, लेखाखाली फक्त अभिप्रायाची एक चौकट. महिन्या-दीड महिन्यानं मी एखादा लेख टाकते. झरीतलं लहानपण, परभणीतली नोकरी, असंच काहीबाही.

नवरा म्हणायचा, "कोण यायलंय तिथं वाचायला? ग्रुपवर टाक की. लय जण वाचतेत."

वाचतात कसले! शाळेच्या ग्रुपवर एकदा टाकून बघितलं होतं. पहिला परिच्छेद वाचून व्हायच्या आत जोडलेले हात यायला लागले.

माझ्या जागेवर मात्र एकच जण यायचा. नाव नाही, नुसतं 'वाचक'. तोही लेख टाकल्यावर पंधरा-वीस दिवसांनी. मराठी इतकी धुतलेली की सरकारी अर्ज वाटावा: "आपला लेख वाचला. मागील लेखात आपण शेवग्याचे झाड तोडल्याचे लिहिले होते. मग या लेखातील शेंगा कुठल्या?" शेंगा शेजारच्या होत्या. पण इतकं बारीक वाचतं कोण? हल्ली यंत्रंही असं लिहितात, हे पुतणीनंच सांगितलेलं. आणि यंत्र नसेल तर नक्की भावजय. मी माहेरचं काय उघड करते यावर तिचा डोळा असतोच.

खरं सांगायचं तर मला धास्ती वाटत होती. तो एकटाच वाचक. तोही खोटा निघाला, तर मी इतके दिवस भिंतीशी बोलत होते. तसं असेल तर लिहिणं बंद, हे मी ठरवून टाकलं.

मग सापळा लावला. एका बैठकीत लेख लिहिला: झरीच्या शेतातला हुरडा, आगटीजवळ गाणी म्हणणारी प्रेमळ काकू, डोळ्यांत पाणी आणणारा शेवट. असली काकू मला नव्हतीच. माझी काकू कणसंसुद्धा मोजून द्यायची. यंत्र असेल तर वाहवा करणार. भावजय असेल तर तिला राहवणार नाही, काकूचं खरं ती लगेच ओकणार. शाळेच्या ग्रुपवरही मुद्दाम टाकला. जोडलेल्या हातांची रांग लागली.

नवरा म्हणाला, "बघ, आता कसं जमायलंय तुला."

वाचक गप्प. पंधरा दिवस गेले, वीस गेले. मी रोज चौकट उघडायची अन् चिडून बंद करायची. शेवटी एका सकाळी अभिप्राय आला.

"उशिराबद्दल क्षमस्व. मी नोकरीसाठी बाहेरगावी असतो. पूर्णेला घरी आलो की आईला आपले लेख वाचून दाखवतो. तिला आता दिसत नाही. ती जे सांगते ते मी नीट करून लिहितो. या वेळी मात्र तिने बजावले आहे की जसे म्हणते तसेच लिही. ती म्हणाली, 'ही बाई आज खोटं बोलायलीय. तिला बरं न्हाई का, इचार.'"

मला आधी रागच आला. कोण कुठली बाई, मला खोटं म्हणते! मग तेच परत वाचलं, आणि डोळ्याला पदर लावून स्वयंपाकघरात बसून राहिले. नाव विचारावं, पूर्णेत कुठं राहता विचारावं, खात्री करून घ्यावी, सगळं मनात आलं. काहीच विचारलं नाही. लिहिलं, "तब्येत चांगली आहे. आईंना सांगा, त्यांनी बरोबर ओळखलं. माझी काकू तशी नव्हती."