पहिली गोळी

५ डिसेंबर १९३७. दादाची रायफल दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या कचेरीत जमा करायची, म्हणून तेल आणि चिंधी घेऊन अंगणात बसले. माणूस गेला की परवानाही संपतो.

दादा माझा थोरला भाऊ. पलटणीतून पेन्शनीवर आला आणि कालव्याकाठचा आमचा ऊस रानडुकरांपासून राखू लागला. डुक्कर पडलं की मी ते बाहेरच्या चुलीपाशी कापायची. तो समोर उकिडवा बसून विचारायचा, "गोळी कुठनं गेली? काळजात का फुप्फुसात?" मी बोट घालून दाखवायची.

रायफल बारीक गोळीची. शेजारचा भिकू दादाला चिडवायचा, "तात्या, ह्या काडीनं डुकराला गुदगुल्या व्हत्यात. कालव्यावरल्या साहेबाची आणा. कुठंबी लागू द्या, आडवंच!"

"गोळी मोठी झाली म्हणून काळीज मोठं व्हत न्हाय," दादा म्हणायचा. "पुढल्या पायाच्या कोपरामागं, चार बोटं वर. डुक्कर कूस दावंना, तर घरी यायचं."

एका हिवाळ्यात मात्र कालव्यावरच्या साहेबाची रायफल तो मागून घेऊन आला. संध्याकाळी पाठमोऱ्या डुकरावर झाडली. मांडी फुटली आणि डुक्कर आमच्याच उसात शिरलं. सकाळी त्याच उसाला कोयता लागायचा होता.

दादानं तोडीच्या बायका परत धाडल्या आणि आपली जुनी रायफल उचलली.

"मरंल ते आपसूक," मी म्हटलं.

"मरंल. त्याआधी कुणाची तरी मांडी फाडंल. चूक माझी हाय, वाट सोड."

मी बांधावर उभी राहिले. उसात हातभर पुढचं दिसत नव्हतं. दुपार कलल्यावर एकच बार झाला. मग बराच वेळ काही नाही. शेवटी तोंडावर पात्यांचे ओरखडे घेऊन दादा बाहेर आला.

त्या दिवशी कापताना त्यानं काहीच विचारलं नाही. मीच म्हटलं, "दादा, काळजातच बसलीया."

"ती ठावं हाय. पयली सांग."

मी सांगितलं. हाडाचा चुरा, फाटलेली आतडी. काही वगळलं नाही. तो ऐकत बसला. साहेबाची रायफल त्याच दिवशी परत गेली.

या श्रावणात दादा तापानं गेला. आता कोंबडी कापायला बसले तरी नजर समोर जाते. सवयीचा भाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकूनं गाडी जुंपली. "चला आक्का, कचेरी गाठू."

"आज तोड हाय. जमायचं न्हाय."

"तोड चार दिसांनी हाय की!"

"मग चार दिसांनी जाऊ."

त्यानं बैल सोडले. मी गोठ्यात शेण काढायला गेले.